नवतपातला लग्नाचा वाढदिवस, तळं आणि दोस्त मंडळी: उन्हाळा कसा जमवायचा

आमचं लग्न 27 मेचं. तारीख कोणी काढली ते विचारू नका, हॉल रिकामा होता न गुरुजी हो म्हणाले, बस. आता 25 मेला नवतपा लागतो आणि पुढचे नऊ दिवस नागपूर काय असते ते नागपूरवाल्याला काय सांगायचं, 2013 मध्ये 23 मेला पारा 47.9 वर गेला होता इथे. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेनं दिवस असतानाच गच्चीवर मेणबत्त्या मांडून आली, पेटवायला गेली तर सगळ्या वाकून बसलेल्या. तिथून शिकत शिकत आमची एक पद्धत बसली आणि यंदा एकाच उन्हाळ्यात लग्नाची 10 वर्षं, नवऱ्याची चाळिशी आणि घराच्या लोनचा शेवटचा हप्ता असं तिन्ही आलं तेव्हा ती कामी आली, म्हणून लिहून टाकते.

सगळ्यात आधी तारखेचा हट्ट सोडा. ज्या दिवशी वाढदिवस त्या दिवशी घरीच राहायचं, पडदे ओढून, कुलर लावून, जेवायला रस, शेवया, कुरडया, संध्याकाळी औक्षण, झालं. रस जेवून दुपारी कुठे जायचा प्लॅन तर करूच नका, डोळे उघडत नाहीत. फिरायला जायचं ते नवतपाच्या आधी, एप्रिल संपता संपता नाहीतर मेच्या पहिल्या पंधरवड्यात. दोस्तांचा दिवस वेगळा ठेवा आणि तो ठरवायच्या आधी कॅलेंडरमध्ये लग्नाचे मुहूर्त बघा, कारण मेमध्ये अर्धी मंडळी कोणाच्या ना कोणाच्या वरातीत असते. बिनमुहूर्ताचा शनिवार दिसला की लगेच ग्रुपवर टाका, "बघू" म्हणणाऱ्याला तिथेच पकडा. पुण्या-मुंबईचे दोस्त येणार असतील तर मेमध्येच बोलवा, आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा उघडतात पण त्यांच्या पोरांच्या जूनच्या मध्यालाच सुरू होतात.

आता तळं. एका रात्रीसाठी खिंडसी बेस्ट, कामठी, कन्हान करत मनसरला वळलं की रामटेक आणि तिथून पुढे तलाव, सगळं मिळून पन्नासेक किलोमीटर. दोन रात्री काढता येत असतील तर नवेगावबांध, भंडारा, साकोली मार्गे तीन तास पकडा, तलाव एवढा मोठा आणि तिन्हीकडून डोंगर की आपण विदर्भातच आहो का असं वाटते. हा कोलू पाटील कोहळी यांनी बांधला म्हणतात, त्या बाजूला कोहळी लोकांनी बांधलेली अशी तळी गावोगावी आहेत, सरकारी कागदात त्यांना मामा तलाव म्हणतात, मामा म्हणजे माजी मालगुजारी, माझ्या नवऱ्याला हे कळल्यापासून तो प्रत्येक डबक्याकडे बघून "मामा भेटले" म्हणतो. आणि काहीच जमलं नाही तर नागपुरातला आपला फुटाळा तलाव आहेच, पण तिथे संध्याकाळी दोघांना शांत बसायचं असेल तर शनिवार-रविवार सोडून जा.

रूम बुक करताना फोनवर तीन गोष्टी विचारायच्याच. लाइट गेली तर एसी जनरेटरवर चालते का, नुसता पंखा का? बोट सुरू आहे का आणि किती वाजेपर्यंत? आणि पाणी किनाऱ्यापासून किती मागे गेलं? ही तिसरी गोष्ट लोक विचारत नाहीत न मग पस्तावतात, मेमध्ये तळं आटते, फोटोत जिथे पायरीला पाणी लागलेलं दिसते तिथे आपण गेलो की भेगा पडलेला चिखल असतो आणि पाणी तिकडे लांब चमकते. आम्ही एकदा "लेक व्ह्यू" चे जास्तीचे पैसे देऊन दोन दिवस म्हशी पाहिल्या. म्हशी छान होत्या, पण पैसे म्हशींचे नव्हते.

तळ्याकाठी खरा दिवस दोनच तुकड्यांत असतो. मेच्या मध्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवते, तर पाच वाजता थर्मासमध्ये चहा घेऊन काठावर पोचायचं, साडेनऊला परत. मधली सगळी दुपार रूमवर झोप, पत्ते, टरबूज. दुसरा तुकडा संध्याकाळी साडेपाचनंतर, पावणेसातला सूर्य बुडते, तो अर्धा-पाऊण तास म्हणजे अख्ख्या ट्रिपचे पैसे वसूल. ज्याला उशिरा उठायची सवय आहे त्यानं नवराबायकोचं भांडण टाळायला हे आदल्या रात्रीच कबूल करून घ्यावं. रामटेकचं गड मंदिर, म्हणजे डोंगरावरचं रामाचं देऊळ, तेही सकाळीच, दहानंतर त्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवून दाखवा.

बॅगेत दुपट्टा, टोपी, कैरीचं पन्हं. पन्हं गूळ, जिरं, काळं मीठ घालून घट्टच करून न्यायचं आणि तिथे पाणी मिसळायचं, बाटली कमी लागते. पाण्यात मात्र उतरायचं नाही, कितीही गुडघाभर दिसलं तरी, खाली गाळ असतो आणि पाय रुतला की संपलं. बोटीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका आणि सेल्फीसाठी एकाच बाजूला सगळे जाऊ नका. 2017 च्या जुलैमध्ये वेणा जलाशयात नाव उलटून तरणी पोरं गेली, ते अजून डोक्यातून जात नाही.

दोस्तांची पार्टी गच्चीवरच मजेदार, फक्त गच्ची थंड करणं हे एक कामच आहे. सहा वाजता पहिलं पाणी टाकलं की नुसती वाफ निघते, घाबरू नका, अर्ध्या तासानं दुसरं टाकायचं, मग साडेसातला तिसरं, थोडंसंच. नुसतं तिसरं पाणी टाकून आठला सतरंजी टाकली तर खालून शेकून निघते माणूस. (पाणी कमी येणाऱ्या एरियात असाल तर कुलरच्या टाकीतलं जुनं पाणी वापरा, नाहीतरी ते बदलायचंच असते.) कुलर वर न्यायचा असेल तर जाड वायरचं एक्स्टेंशन घ्या, आमचं बारीक होतं, केक कापताना वितळलं आणि अंधारात "हॅपी बर्थडे" झालं.

केकवरून आठवलं, मेमध्ये क्रीमचा केक संध्याकाळी ऐनवेळी आणायचा, दुपारी नाही, आणि गाडीच्या डिक्कीत तर मुळीच नाही. जेवणाचं म्हणाल तर पाटोडी रस्सा आणि भात, नाहीतर रोडगे, वांग्याची भाजी, वरण. रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं काम पोट्ट्यांना द्या, ते गप्पा मारत करतात आणि नंतर वर्षभर सांगतात. आमच्यातला एक जण दरवर्षी मेमध्ये सांबारवडी मागतो (सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर), त्याला मी म्हणते बाप्पा, सांबाराचे भाव बघून ये आणि तूच निवडत बस. दही-ताकाचे प्रकार बर्फाच्या लादीवर ठेवा आणि रात्री उरलं तर ठेवू नका.

लोन फिटलं ती पार्टी मात्र आम्ही वेगळी केलीच नाही. त्याच गच्चीवर, सगळे गेल्यावर, बँकेचा मेसेज परत एकदा वाचला, उरलेलं पन्हं दोघांत संपवलं आणि गादी तिथेच ओढली. तसं झोपायचं असेल तर एक चादर ओली करून उशाला ठेवा, दोनच्या सुमारास हवा बंद झाली की लागते.