देश बदलताना वाहन परवाना बदलून कसा घ्यावा

नव्या देशात गेल्यावर घर, बँक, मुलांची शाळा या धावपळीत लायसन्सचं काम हमखास मागे पडतं. खिशात कार्ड आहे, बघू नंतर, असं म्हणता म्हणता मुदत निघून जाते. युरोपीय संघाबाहेरच्या परवान्यावर जर्मनीत साधारण ६ महिने गाडी चालवता येते, ब्रिटनमध्ये १२. हे महिने तुम्ही तिथले रहिवासी झाल्यापासून मोजतात. ते संपले की कार्डाची वैधता कितीही उरलेली असो, तुम्ही विनापरवाना चालक ठरता, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

म्हणून कामाला सुरुवात जुन्या देशातूनच करा. ज्या कार्यालयाने परवाना दिला, तिथून परवान्याच्या तपशिलाचा दाखला मागून घ्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद हाच. नूतनीकरण केलेल्या कार्डावर पुष्कळदा पहिल्या परवान्याची तारीखच नसते, मग पंधरा वर्षं गाडी चालवणारा माणूस कागदावर नवशिका दिसतो. दाखल्यात पहिली तारीख, वाहनांचे प्रकार आणि परीक्षा गिअरच्या गाडीवर दिली होती का, हे आलंच पाहिजे. गिअरचा पुरावा नसेल तर ब्रिटनमध्ये फक्त ऑटोमॅटिकचा परवाना हातात पडतो. जुने पासपोर्टही टाकू नका. परवाना मिळाल्यावर त्या देशात किमान ३ महिने राहिल्याचा पुरावा जपान मागतो, आणि तो पासपोर्टवरच्या शिक्क्यांतून देता येतो.

पासपोर्ट आणि परवाना शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर ताडून बघा. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरही अर्ज अडतो. दुरुस्ती निघण्यापूर्वी सोपी असते.

आंतरराष्ट्रीय परवान्यावर विसंबू नका. तो मूळ परवान्याचा अनुवाद असतो, एकटा चालत नाही आणि बदलूनही मिळत नाही. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेला १ वर्ष चालतो, १९६८ च्या करारानुसार दिलेला जास्तीत जास्त ३ वर्षं.

पोहोचल्यावर तिथल्या परिवहन खात्याची यादी बघा. परवाना कोणत्या देशाने दिला यावर सगळं ठरतं, तुमचं नागरिकत्व सहसा विचारात घेत नाहीत. यादीत देश असेल तर परीक्षेशिवाय अदलाबदल होते. काही ठिकाणी फक्त लेखी किंवा फक्त प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. यादीत नसेल तर नवशिक्यासारखं पहिल्यापासून सुरू करा, आणि तारखा लवकर मिळत नाहीत हे धरून चाला.

अर्जाला रहिवासाचा पुरावा, फोटो, बहुधा डोळ्यांची तपासणी आणि अनुवाद लागतो. अनुवाद कोणाचा चालतो हे आधी विचारा, नाहीतर पैसे वाया जातात.

खिडकीवर जुनं कार्ड बहुतेक ठिकाणी काढून घेतात आणि मूळ देशाला परत पाठवतात. त्यामुळे दोन्ही बाजूंची झेरॉक्स आधीच काढा, पोचपावती घ्या, आणि नवं कार्ड येईपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येते का हे तिथेच विचारून घ्या.

नवं कार्ड आलं की वाहनांचे प्रकार लगेच तपासा. युरोपीय संघाच्या कार्डावर मागे ७० हा आकडा आणि जुन्या परवान्याचा क्रमांक दिसेल. हा बदलून घेतलेल्या परवान्याचा संकेत. मूळ परवाना संघाबाहेरचा असेल, तर पुढे दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेल्यावर तो देश हे कार्ड मान्य करायला बांधील नसतो. तसा बेत असेल तर ती झेरॉक्स आणि तो दाखला जपून ठेवा, तिथे पुन्हा लागतील.