चांदण्यातल्या पाण्यात उभी माणसं रंगवताना

ऑइल कलरमध्ये असं चित्र करताना ट्यूबमधला काळा शक्यतो घेऊच नका, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून जो गडद रंग मिळतो ना तो खूप जिवंत वाटतो. आकृती चमकत्या पाण्यापुढे गडदच ठेवा, नाक-डोळे काढत बसू नका, फक्त केसांच्या अन् खांद्याच्या कडेला बारीकसा उजेड. खरी गंमत कमरेपाशी, पाणी अंगाला लागतं तिथे. ती कड रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने हलकी आडवी ओढा आणि मग वर एक तुटक उजळ रेघ, सलग अजिबात नको, सलग केली की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्या रेघेसाठी टायटॅनियम व्हाइटमध्ये किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला, नुसता पांढरा खडूसारखा वाटतो.