लोगो स्पर्धेला पाठवण्याआधी

विद्यार्थी पिंटरेस्टवर जमवलेल्या इतरांच्या डिझाइनचा बोर्ड उघडून विचारतात, ‘सर, एवढं घेतलं तर चालेल ना?’ माझं उत्तर ठरलेलं: आधी तो बोर्ड बंद कर, मग पेन्सिल उचल.

टोकियो २०२० ऑलिम्पिकचं पहिलं बोधचिन्ह बेल्जियममधल्या लिएजच्या नाट्यगृहाच्या लोगोसारखं दिसतं, असा आरोप झाला. डिझायनरने नक्कल नाकारली, तरी १ सप्टेंबर २०१५ रोजी ते मागे घेतलं गेलं. २०१६ मध्ये निवडलेलं असाओ तोकोलो यांचं चिन्ह बघा. जपानच्या एदो काळातली इचिमात्सु ही चौकड्यांची नक्षी त्यांनी उघडपणे घेतली, पण तीन प्रकारचे ४५ आयत स्वतः रचले. मला विचाराल तर प्रेरणा ही अशी, मूळ सांगायला लाज न वाटणारी.

काम झालं की रंग काढून टाका, नुसता काळा आकार ठेवा आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सवर शोधा. जुळणारं सापडलं तर फॉन्ट बदलून झाकू नका, रचनाच मोडा. कच्ची रेखाटनं तारखेसकट जपा. आक्षेप आला की तीच पुढे करायची. आणि हो, सादरीकरणातल्या मॉकअपच्या, म्हणजे लोगो वस्तूंवर बसवून दाखवायच्या फोटोंचे परवानेही तपासा. तिथे भलेभले गाफील असतात.