चीन-तैवानची बातमी वाचताना नेमकं काय तपासायचं

आधी बोललं कोण ते बघा. चीनच्या बाजूने बोलतं ते राज्य परिषदेचं तैवान व्यवहार कार्यालय, आणि तैवानच्या बाजूने मेनलँड व्यवहार परिषद. दोन्ही सरकारी खाती, पण समोरच्याला सरकार म्हणून मान्यता नाही, त्यामुळे करारावर सह्या दोन निमसरकारी संस्थांनी करायच्या अशी सोय 1990च्या दशकात लागली: तैवानची 'एसईएफ' आणि चीनची 'अरॅट्स'. त्साई इंग-वेन 2016मध्ये अध्यक्ष झाल्यावर चीनने हा संवाद बंद केला. त्यानंतर 'चीन-तैवान चर्चा' अशी बातमी आली, तर बहुतेक वेळा बीजिंगला गेलेली व्यक्ती विरोधी कुओमिन्तांगची असते. एप्रिल 2024मध्ये शी जिनपिंग यांना भेटलेले मा यिंग-जिओ माजी अध्यक्ष होते. त्यांना सरकारच्या वतीने काही कबूल करायचा अधिकारच नव्हता.

विमानांच्या बातमीत सर्वांत जास्त गफलत 'हवाई हद्द' या शब्दावर होते. हवाई हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत. बातमीत असते ती हवाई संरक्षण ओळख क्षेत्राची रेषा, म्हणजे जिथे शिरणाऱ्या विमानाने आपली ओळख द्यावी अशी अपेक्षा असते तो पट्टा. हे क्षेत्र एकतर्फी आखलेलं आहे आणि नकाशावर ते चीनच्या भूभागावरही पसरलेलं दिसतं. तैवानचं संरक्षण मंत्रालय रोज सकाळी 6 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 6 असा हिशोब देतं. त्यातला एकूण विमानांचा आकडा सोडा; चीन आणि तैवानमधल्या सामुद्रधुनीची मध्यरेषा किती विमानांनी ओलांडली आणि जहाजं किती होती ते टिपा. हवा बिघडली की विमानं आपसूक कमी होतात, म्हणून एका दिवसावरून 'तणाव निवळला' म्हणू नका. महिन्याची बेरीज धरा.

खरी मेहनत लागते ती बंदी आणि शुल्काच्या बातमीला. इथे चार गोष्टी ओळीने विचारा: सांगितलेलं कारण काय, तारीख कोणती, त्या मालाचा वाटा किती, आणि हात कशाला लावलेला नाही.

अननसाचं उदाहरण घ्या. 1 मार्च 2021पासून चीनने तैवानी अननस बंद केले. कारण दिलं पिठ्या ढेकणाचं. तैवान निर्यात करत असलेल्या अननसापैकी 90 टक्क्यांहून अधिक चीनला जात होते, म्हणून मथळा भयंकर दिसला. पण निर्यात एकूण पिकाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच. बाकी माल घरीच खपतो. फटका बसला तो दक्षिणेतल्या बागायतदारांना, आणि दक्षिण म्हणजे सत्ताधारी डीपीपीचा (त्साई यांच्या डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाचा) बालेकिल्ला. कीड खरी असेलही, पण बंदीचा नेम मतदारसंघांवर बसतो हे नजरेआड करू नका.

आता तारखा. 2010च्या 'एक्फा' या चीन-तैवान व्यापार करारात चीनने तैवानच्या 539 वस्तूंना शुल्कसवलत दिली होती. 21 डिसेंबर 2023ला चीनने त्यातल्या पॅराझायलिनसारख्या 12 पेट्रोकेमिकल वस्तूंची सवलत काढल्याचं जाहीर केलं. तैवानची निवडणूक होती 13 जानेवारीला. ती जिंकलेले डीपीपीचे लाय चिंग-ते यांनी 20 मे 2024ला अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि 31 मे रोजी आणखी 134 वस्तूंची घोषणा झाली, लागू 15 जूनपासून. कॅलेंडर शेजारी ठेवलं की निम्मी बातमी तिथेच उलगडते.

आणि हात न लावलेला माल? चिप. तैवानची चीनला होणारी सर्वांत मोठी निर्यात इंटिग्रेटेड सर्किटची, आणि ती 'एक्फा'त येतच नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारामुळे तिच्यावर आधीच शून्य शुल्क आहे. चीनच्या कारखान्यांना ती हवीच असते. त्यामुळे 'एक्फा रद्द झाला तर तैवान बुडेल' हे जितकं अतिरंजित, तितकंच 'काहीच फरक पडत नाही' हेही. यंत्रसामग्री, कापड आणि रसायनांच्या छोट्या कारखानदारांना फरक पडतोच.

आकडे घेताना स्रोत लिहून ठेवा, नाहीतर तुलना फसते. 2023मध्ये चीनच्या सीमाशुल्क खात्याने तैवानहून आयात जवळपास 200 अब्ज डॉलर दाखवली. तैवानच्या हिशोबात चीनला निर्यात सुमारे 96 अब्ज, हाँगकाँग धरून 152 अब्ज. खोटं कुणीच बोलत नाही. हाँगकाँगमार्गे आलेला माल चीन उगमस्थानावरून मोजतो, तैवान पहिल्या मुक्कामावरून. म्हणून तैवानचे आकडे नेहमी 'चीन अधिक हाँगकाँग' असेच घ्या. जानेवारी आणि फेब्रुवारी वेगळे वाचू नका: चांद्र नववर्षाची सुट्टी कधी या महिन्यात, कधी त्या महिन्यात पडते, आणि टक्केवारी उगाच उड्या मारते. दोन्हींची बेरीज करून गेल्या वर्षीच्या बेरजेशी ताडा.

तैवानच्या निर्यातीतला चीन-हाँगकाँगचा वाटा 2020मध्ये सुमारे 44 टक्के होता, 2024मध्ये 32 टक्क्यांच्या आसपास आला. हा घसरलेला वाटा पाहून 'व्यापार तुटला' असं लिहू नका. त्यात चीनमधली मंदावलेली मागणी आहे, कारखाने व्हिएतनामसारख्या देशांत हलवणारे तैवानी उद्योजक आहेत, आणि अमेरिकेला जाणारे एआय सर्व्हर तर फारच आहेत. छेद, म्हणजे एकूण निर्यात, फुगला की वाटा घटतो. डॉलरमधली रक्कम शेजारी मांडल्याशिवाय टक्केवारी छापू नका.