ल्हासाची वाट मोजायला निघताना

1865 च्या जानेवारीत नैनसिंह रावत देहरादूनहून निघाले ते तिबेटचा कोरा नकाशा भरायला. तेव्हा तिथे युरोपीय माणसाला मज्जाव होता, म्हणून ब्रिटिश सर्वेक्षण खात्यातल्या मॉन्टगोमेरी साहेबांनी जोहार खोऱ्यातल्या या शाळामास्तरांना शिकवून तयार केलं. त्याच सामानानिशी, त्याच रीतीने वाट मोजायची तर काय काय लागेल ते सांगतो. घोंगडी, सातू, जोडे तुमचे तुम्ही बघा.

सगळ्यात आधी थर्मामीटर. उंची त्यानेच काढायची: जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. तो देहरादूनलाच उकळत्या पाण्यात धरून बघा. इथली उंची मोजलेली आहे, साधारण 2,200 फूट, म्हणजे पाणी 208 अंश फॅरनहाइटच्या आसपास उकळायला हवं. जो फरक दिसेल तो लिहून ठेवा.

आता पाऊल. चढ असो, उतार असो, पाऊल सारखंच पडलं पाहिजे: 2,000 पावलांचा मैल. मोजलेल्या मैलावर रोज चाला, अंगवळणी पडेपर्यंत. माळ 108 ची नको, 100 मण्यांची घ्या. आठ मणी कमी आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. दर 100 पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे पूर्ण माळ झाली की 10,000 पावलं, पाच मैल. वाटेत कुणी गप्पा मारायला आलं की मोजणी गेलीच. म्हणून हातात प्रार्थनाचक्र ठेवा, जप करणाऱ्याला सहसा कुणी टोकत नाही. चक्राच्या आत मंत्राच्या गुंडाळीऐवजी कोऱ्या चिठ्ठ्या भरा. पावलं आणि दिशा रोजच्या रोज त्यावर उतरवा. उद्या लिहू म्हणाल तर आकडे डोक्यातून गेलेले असतील.

थर्मामीटर उकळून बघितला का? नसेल तर पुढे वाचू नका, आधी ते करा. एका अंशाची चूक म्हणजे उंचीत पाचशेहून अधिक फुटांची चूक, आणि वाटेत ती कळायला काहीच मार्ग नाही. काच जुनी होते तशी आक्रसते आणि पारा वर दाखवायला लागतो. पारा जास्त दाखवला की डोंगर बुटका निघतो. नैनसिंहांची ल्हासाची उंची 11,700 फुटांच्या आसपास आली होती, आज ती 12,000 च्या जवळ धरतात. आणखी एक, मोजणी साध्या पाण्यात करा. तिकडच्या चहात मीठ आणि लोणी असतं. मिठाने उत्कलनबिंदू वर जातो, पुन्हा डोंगर बुटका. हवेचं तापमानही त्याच वेळी टिपा, उंचीचं गणित त्याशिवाय नीट होत नाही.

सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्यांचे कोन मोजायचं यंत्र, पेटीच्या चोरकप्प्यात. पारा कवड्यांत भरून मेणाने तोंड बंद करा आणि चांदीच्या नाण्यांपासून लांब ठेवा, पारा चांदीला लागला की नाणं गेलं. रात्री तो वाटीत ओतायचा, ताऱ्याचं प्रतिबिंब त्यात घ्यायचं. तारा आणि प्रतिबिंब यांतला कोन निम्मा केला की ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची, आणि तिच्यावरून जागेचा अक्षांश. वारा असेल तर आडोसा शोधा, नाहीतर प्रतिबिंब थरथरतं आणि वाचन फुकट जातं.

वेष एकाहून जास्त ठेवा. नेपाळमार्गे जाताना सीमेवर नैनसिंहांना परत फिरवलं होतं, मग सोंग बदलून जावं लागलं. पैसे वाटतात त्यापेक्षा जास्त न्या. ल्हासात ते संपल्यावर नैनसिंहांनी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून दिवस काढले. तांडा मिळाला तर त्याच्याबरोबर चला, पण तांड्याच्या चालीने पाऊल लांबवू नका.

परतीला त्सांगपोच्या, म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेच्या, काठाने मानसरोवराकडे. मोजणी तीच, माळ तीच. चिठ्ठ्या कोरड्या ठेवा. देहरादूनला पोचलात की अंघोळीच्याही आधी थर्मामीटर त्याच जागी पुन्हा उकळत्या पाण्यात धरा आणि निघतानाच्या आकड्याशी ताडून बघा. निघताना लिहून ठेवला असेल तर.