अतिआत्मविश्वास पटावर पकडायचा कसा: मिडवेचा तीन तासांचा डाव

आरमाराच्या सेनापतीची खात्री कुठे कामी येते आणि कुठे घात करते, हे व्याख्यानापेक्षा पटावर लवकर कळतं. कोल्हापुरात समुद्र नाही, पण दोन खोल्या आणि पाच माणसं असली की ४ जून १९४२ची, जपान आणि अमेरिकेतली मिडवे बेटाची आरमारी लढाई मांडता येते.

तीन मोठ्या ड्रॉइंग शीट, पट्टी, सोंगट्या, फासे. १ सेंटीमीटर म्हणजे १० सागरी मैल, एक फेरी अर्ध्या तासाची. २४ नॉटचं (ताशी २४ सागरी मैल) जहाज फेरीला १.२ सेंटीमीटर सरकतं, १२० नॉटचं विमान ६. मिडवे मधोमध, वायव्येला २४ सेंटीमीटरवर जपानी सेनापती नागुमोच्या चार विमानवाहू नौका. अमेरिकेच्या तीन ईशान्येला, पण त्या अमेरिकी गटाच्या आणि पंचाच्याच शीटवर. पहाटे साडेचार ते साडेदहा, बारा फेऱ्या.

सुरुवातीलाच दोन्ही सेनापतींकडून लिहून घ्या: शत्रू कुठे आहे, खात्री शंभरात किती, आणि काय दिसलं तर बेत बदलणार. तिसरी ओळ हमखास कोरी येते. तसा कागद परत करा.

जपान्यांचं एक टेहळणी विमान एक फेरी उशिरा सोडा. टोने क्रूझरचं खरोखरच अर्धा तास उशिरा उडालं होतं. जपानी विमानांवरच्या बॉम्ब-टॉर्पेडोची अदलाबदल सुरू झाली की ती विमानं तीन फेऱ्या अडकली, आणि तेवढ्यात हल्ला झाला तर प्रत्येक फटका दुप्पट. इथे खेळाडू पंचाशी हुज्जत घालतो. घालू द्या, नियम बदलू नका.

कारण डाव बिघडतो तो पंचापाशी. मे १९४२ मध्ये ‘यामातो’ जहाजावर झालेल्या, पटावरच्याच सरावात फाशाने जपानी नौकांवर नऊ बॉम्ब पाडले. पंच होते उगाकी, म्हणजे जपानी ताफ्याचे सरसेनापती यामामोतो यांचेच चीफ ऑफ स्टाफ. त्यांनी नवाचे तीन केले, आणि बुडालेली विमानवाहू ‘कागा’ पुढच्या मोहिमेच्या सरावात पुन्हा तरंगली. खासबागेत पाठ टेकलेल्या पैलवानाला पंचानेच हात देऊन उभं केलं, तर मैदान ऐकून घेईल का? म्हणून पंच कुठल्याच गटाचा दोस्त किंवा सर नको, आणि फासा सगळ्यांसमोर पडायला हवा.

दुसऱ्या डावात उलटी बाजू तपासा. शत्रू नक्की सापडल्यावरही हुकूम द्यायला कचरणाऱ्याच्या दोन फेऱ्या कापा. इजिप्तच्या किनाऱ्यावर अबूकीरला १ ऑगस्ट १७९८च्या संध्याकाळी ब्रिटिश सेनापती नेल्सनने उजाडायची वाट पाहिली नाही. फ्रेंच जहाजं नांगरलेली समोर दिसत होती आणि कप्तानांशी बेत आधीच बोलून झाला होता. वर्षभरापूर्वी, १७९७ मध्ये, टेनेरीफ बेटावरचं स्पेनचं सांताक्रूझ बंदर सहज पडेल असं धरून गेला तेव्हा हल्ला फसला, उजवा हातही गेला. माणूस तोच, एकदा खात्री डोळ्यांनी पाहिलेल्यावर, एकदा अंदाजावर.

शेवटी कागद उघडा. खात्री नव्वदची आणि शत्रू पाच सेंटीमीटरहून लांब निघाला, तर पुढच्या डावात त्या गड्याला सेनापती करू नका, टेहळणीवर बसवा.