रेल्वेप्रेमींच्या ग्रुपमधील त्रासदायक सभासद कसे सांभाळावेत

खानदेशात रेल्वेचे वेड कोणाला शिकवावे लागत नाही. भुसावळच्या जुन्या घरांत कोणी ना कोणी इंजिनांच्या शेडमध्ये, यार्डात किंवा रनिंगमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष गाडीवरच्या कामात, असतेच. पाचोरा-जामनेरकडील लोक 2020 च्या टाळेबंदीत थांबलेल्या छोट्या गाडीचा विषय आजही ‘आपली पीजे’ म्हणूनच काढतात. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या मंडळींना सुरत मार्गावरच्या गाड्या तोंडपाठ असतात. अशा लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप मी गेली सहा वर्षे सांभाळतो आहे. या काळात ग्रुपला खरा धोका बाहेरच्यांपासून कधीच झाला नाही. जो झाला तो रेल्वेवर मनापासून प्रेम करणाऱ्या, परंतु ते प्रेम इतरांना डोईजड करून ठेवणाऱ्या सभासदांपासून झाला. अशाच एखाद्या ग्रुपचे अ‍ॅडमिनपद ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कंटाळा आणणारा सभासद आणि नुकसान करणारा सभासद यांत फरक करावा. ‘महाराष्ट्र एक्सप्रेस कुठे आली?’ असे दररोज विचारणाऱ्यावर अनेक जण चिडतात. वास्तविक तो बिचारा घरच्यांना आणायला स्टेशनवर उभा असतो. त्याच्यासाठी रेल्वेचा 139 हा क्रमांक आणि नॅशनल ट्रेन एन्क्वायरी सिस्टिमचे अ‍ॅप यांची माहिती देणारा संदेश पिन करून ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पिन केलेला संदेश फार तर 30 दिवस टिकतो, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो पुन्हा पिन करण्याची सवय लावून घ्यावी आणि तीच माहिती ग्रुपच्या वर्णनातही घालावी. सुप्रभातचे संदेश, देवादिकांची चित्रे आणि राजकीय फॉरवर्ड यांबाबत फार विचार करू नये. ते काही न बोलता काढून टाकावेत. नंदुरबार पश्चिम रेल्वेत आणि जळगाव मध्य रेल्वेत असल्यामुळे ‘तुमची रेल्वे, आमची रेल्वे’ असा वादही अधूनमधून पेटतो. तो दोन दिवसांत आपोआप विझतो.

ज्याच्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा लागतो, तो म्हणजे आकडेपंडित. इंजिनांचे वर्ग, क्रमांक, शेड, रेक (गाडीच्या डब्यांचा संच) यांची त्याची माहिती बहुधा अचूक असते आणि हीच अडचण असते, कारण तो बरोबर असल्यामुळे त्याला कोणी थांबवत नाही. आमच्या ग्रुपमध्ये सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त लोको पायलट होते; त्यांना सगळे आबा म्हणत. मुंबईकडची वीज डीसी आणि पुढची एसी असल्यामुळे इगतपुरीला इंजिन बदलावे लागे, त्या काळातील एका पावसाळी रात्रीची आठवण त्यांनी एकदा लिहिली. मोबाइलवर एका बोटाने टंकलेला तो मजकूर बराच मोठा होता. धुक्यात सिग्नल दिसत नसताना सहायकाने खिडकीबाहेर डोके काढून त्याचा रंग मोठ्याने सांगणे, चहाच्या किटलीला गुंडाळलेले ओले फडके, भुसावळ येईपर्यंत न वाळलेले कपडे, असे त्यात बरेच काही होते. त्यात त्यांनी इंजिन डब्ल्यूएजी-5 असल्याचे लिहिले होते. चार मिनिटांत उत्तर आले: ‘चूक. ही गाडी डब्ल्यूएएम-4 ओढत असे.’ त्यापाठोपाठ तक्त्यांची छायाचित्रे आली आणि अक्षरांचा पाठही आला की डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे मालगाडीसाठी आणि एम म्हणजे मिश्र कामासाठी. आबांनी ‘बरं भाऊ’ एवढेच लिहिले आणि त्यानंतर त्यांच्याकडून एकही ओळ आली नाही.

काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी ड्यूटीच्या नोंदींची जुनी वही दाखवली आणि म्हणाले, ‘आयुष्यभर साहेबाला लेखी उत्तरं दिली रे बाबा, आता पुन्हा कोणाला द्यायची?’ त्या दिवशी माझी चूक मला कळली. दुरुस्ती बरोबर आहे की नाही हे मी पाहिले होते, पण ती कशी केली गेली हे पाहिले नव्हते. धुक्यातल्या त्या रात्रीबद्दल ग्रुपवर कोणीही एक शब्द बोलले नाही, आणि त्या कोणींमध्ये मीसुद्धा होतो.

त्यानंतर आम्ही एक नियम केला, तो कोणत्याही ग्रुपने जसाच्या तसा घ्यावा. अनुभव लिहिणाऱ्याची चूक दाखवण्यापूर्वी त्या अनुभवाबद्दल किमान एक प्रश्न विचारायचा, आणि तांत्रिक दुरुस्ती त्याला आधी खासगीत कळवायची. मजकूर बदलायचा की नाही हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. पंडिताशी बोलतानाही हीच रीत पाळावी. मी त्याला फोन करून म्हटले, ‘भाऊ, तुमची माहिती पक्की आहे, तिच्याबद्दल कोणाचा वाद नाही. पण तुम्ही दुरुस्ती टाकली की समोरचा माणूस गप्प होतो. मला ती माहितीही हवी आहे आणि तो माणूसही हवा आहे.’ तो आधी रागावला, दोन दिवस बोलला नाही, मग तयार झाला. अशा माणसाला नुसते थोपवू नये, त्याला काम द्यावे. आमच्याकडे आता तो जुन्या छायाचित्रांची सूची करतो, कारण छायाचित्रातील इंजिनाच्या अंगावरचा क्रमांक वाचून त्याचे शेड सांगणे हे त्याच्याइतके कोणालाच जमत नाही. आबा मात्र ग्रुपवर परतले नाहीत. मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जातो, ते सांगतात आणि मी लिहून घेतो. गेलेला माणूस परत आणणे फार अवघड असते, म्हणून पहिल्याच वेळी लक्ष घालावे.

छायाचित्रे उचलणाऱ्यांचा प्रकार वेगळा असतो. सावद्याच्या धक्क्यावर पहाटे डब्यांत केळी भरली जात असल्याचे एक सुंदर छायाचित्र आमच्या एका सभासदाने काढले होते; पंधरा दिवसांत तेच कोपऱ्यातील नाव कापून दुसऱ्याच्या नावाने आमच्याच ग्रुपवर आले. अशा वेळी सर्वांसमोर ‘चोर’ म्हणू नये. दोघांनाही मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातील वेळ व कॅमेऱ्याची माहिती निघून जाते, तर डॉक्युमेंटमध्ये ती राहते. ज्याच्याकडे मूळ फाइल नसते, तो बहुधा एवढ्यावरच माघार घेतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःसाठी काढलेल्या छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याचाच असतो, हेही शांतपणे सांगावे.

आतापर्यंतच्या प्रकारांत समजूतदारपणा कामी येतो. यापुढच्या दोन प्रकारांत तो दाखवू नये.

पहिला प्रकार जीव धोक्यात घालून व्हिडिओ काढणाऱ्यांचा. रुळांच्या मधोमध उभे राहून येणारी गाडी टिपणे, थांबलेल्या मालगाडीच्या टपावर चढणे, पुलाच्या कठड्यावर लोंबकळणे या गोष्टींना ग्रुपवर ‘एकच नंबर’ अशी दाद मिळते, आणि ती दाद पाहून पुढचा पोरगा टपावर चढतो. वरच्या तारेत 25,000 व्होल्टचा दाब असतो आणि तारेला हात न लावता नुसते जवळ गेले तरी वीज अंगावर झेप घेते, हे प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी सांगावे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा व्हिडिओ दिसताक्षणी सर्वांसाठी काढून टाकावा, मग तो कितीही चांगला असो. त्यानंतर त्या मुलाला फोन करावा, संदेश पाठवू नये. आणि तो अल्पवयीन असेल तर त्याच्या घरच्यांशीही बोलावे. दुसऱ्यांदा घडल्यास त्याला काढावे. ग्रुपची रौनक कमी होईल ही भीती बाळगू नये.

दुसरा प्रकार अफवा पसरवणाऱ्यांचा. 22 जानेवारी 2025 रोजी आपल्याच जळगाव जिल्ह्यात, माहेजी आणि परधाडे या स्थानकांदरम्यान, पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याच्या अफवेने प्रवासी घाबरून शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडून किमान 12 जणांचा जीव गेला. एका खोट्या हाकेने काय होते हे आपल्या घराजवळ घडून गेले आहे, आणि तरीही त्या संध्याकाळी मृतांची छायाचित्रे व वाटेल ते आकडे ग्रुपांतून फिरत होते. ज्यांचे नातेवाईक त्या गाडीत होते, असे लोकही त्याच ग्रुपांवर असतात. म्हणून अपघाताची बातमी येताच सेटिंगमध्ये जाऊन केवळ अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतील असे करावे. रेल्वेने जाहीर केलेले मदत क्रमांक तेवढे टाकावेत, ज्या संदेशावर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ अशी दुहेरी बाणाची खूण असेल तो घेऊ नये आणि मृत किंवा जखमी व्यक्तीचे एकही छायाचित्र राहू देऊ नये. ग्रुप दुसऱ्या दिवशी उघडला तरी कोणाचे काही अडत नाही.

एखाद्याला काढण्याची वेळ आली, तर कारण त्याला खासगीत आणि लेखी कळवावे, ग्रुपवर त्याची चर्चा होऊ देऊ नये आणि तीन महिन्यांनी परत येण्याची वाट मोकळी ठेवावी. एकट्या अ‍ॅडमिनने हा निर्णय घेऊ नये, कारण एकटा माणूस रागाच्या भरात चुकतो. आम्ही तिघे आहोत, भुसावळ, पाचोरा आणि नंदुरबार येथील, आणि दोघांचे एकमत झाल्याशिवाय कोणालाही काढत नाही.

शेवटी एक छोटी व्यवस्था, जी आम्ही फार उशिरा केली. रात्री दहा ते सकाळी सहा ग्रुप बंद ठेवावा. रात्रीच्या वादात सर्वाधिक भांडणे होतात हे एक कारण आहेच. परंतु ग्रुपमध्ये रनिंग स्टाफही आहे, ते फोन बंद करू शकत नाहीत कारण ड्यूटीचा कॉल केव्हाही येतो, आणि पहाटे त्यांच्या हाती गाडी असते.